विषकन्येला वाचा फुटली तेव्हा

विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षसा'त विषकन्या रंगभूमीवर येतच नाही. राक्षसाने तिला चंद्रगुप्ताच्या नाशासाठी सिद्ध केलेले असते, चाणक्य तो प्रयोग पर्वतकावर उलटवितो, आणि हा सारा वृत्तान्त आपल्याला इतरांच्या तोंडून कळतो. तिला नाव नाही आणि तिच्या वाट्याला एकही वाक्य नाही. विष तिच्या देहात आहे. परंतु ते कोणावर सोडावयाचे हे ठरविणारी बुद्धी पुरुषाची आहे, आणि तीही दोन पुरुषांमध्ये वाटली गेलेली आहे. खड्गाला ज्याप्रमाणे स्वतःचे मत नसते त्याप्रमाणे विषकन्येलाही ते नाही. आरंभीच्या अमेरिकन बोलपटांतील घातक स्त्रीविषयी लिहावयास बसताना मला या न दिसणाऱ्या, न बोलणाऱ्या स्त्रीची आठवण होते, याचे कारण असे की बोलपटापूर्वीची अमेरिकन पडद्यावरील 'व्हॅम्प' ही तिचीच सख्खी बहीण होती.

'व्हॅम्प' हा शब्द आपल्याकडील चित्रपटविषयक लिखाणात इतका रुळला आहे की त्याचे मूळ 'व्हॅम्पायर' म्हणजे रक्तपिपासू पिशाच या शब्दात आहे हे आपण विसरूनही गेलो आहोत. त्याच्या वंशावळीत मुंबईचा दूरचा संबंध आहे. १८६५ साली मुंबईत जन्मलेल्या किपलिंगने आपला चुलतभाऊ-मावसभाऊ यांच्या मेळाव्यातील चित्रकार फिलिप बर्न-जोन्स याच्या एका चित्राला जोड म्हणून १८९७ मध्ये 'द व्हॅम्पायर' ही कविता लिहिली. तिच्यावरून १९०९ मध्ये एक नाटक निघाले आणि नाटकावरून १९१५ मध्ये 'अ फूल देअर वॉज' हा मूकपट. त्यातील थीडा बारा हिला कंपनीच्या जाहिरातखात्याने इजिप्तच्या वाळवंटात जन्मलेली गूढ स्त्री ठरविले. वस्तुतः ती ओहायो राज्यातील सिनसिनाटी गावची थिओडोसिया गुडमन. तिच्या चाळीसएक चित्रपटांपैकी बहुतेक नष्ट झाले आहेत. पुष्कळसे १९३७ च्या एका गोदामाच्या आगीत गेले. पण जे उरले त्यावरून आणि छायाचित्रांवरून एवढे निश्चित म्हणता येते की ही स्त्री पुरुषाचा नाश का करते याची विचारपूस कोणी केली नव्हती. पावसाने का पडावे हे जसे कोणी विचारीत नाही तसेच ते. मूकपटातही पाट्यांवरून संवाद वाचावयास मिळत, हे खरे; परंतु पाटीला आवाज नसतो. ती बाईची नसते, कंपनीची असते.

१९२७ च्या ऑक्टोबरात 'द जाझ सिंगर' प्रदर्शित झाला आणि पुढील दोन-तीन वर्षांत हॉलीवूडने मूकपट जवळजवळ टाकून दिला. या स्थित्यंतराचा हिशेब मांडताना समीक्षक बहुधा तोट्याची बाजू आधी मांडतात. कॅमेऱ्याचा आवाज ध्वनिमुद्रणात शिरू नये म्हणून त्याला बंद खोक्यात कोंडले गेले, नटनट्या मायक्रोफोनभोवती खिळल्या, चित्रभाषेची चपळाई गेली. हे सर्व मान्य करूनही माझे म्हणणे असे आहे की एका बाबतीत बोलपटाने पडद्याला अशी वस्तू दिली जी मूकपटाला कधीही देता आली नसती. ती म्हणजे घातक स्त्रीची बाजू. आवाजाबरोबर प्रांत येतो, जात येते, म्हणजे तिकडील वर्ग येतो. वय येते, थकवा येतो, दारूने बसलेला घसा येतो. आणि मुख्य म्हणजे, जी बोलते ती कारणे देते. कारणे देणारी स्त्री नुसते विष राहू शकत नाही. तिच्याशी वाद घालावा लागतो.

१९३० च्या आरंभीचा 'ॲना ख्रिस्टी' हे याचे सर्वपरिचित उदाहरण. गार्बो बोलते, एवढ्या दोन शब्दांवर त्याची जाहिरात झाली. मूकपटांत गार्बोने मोहिनीच्याच भूमिका केल्या होत्या, आणि तिचा आवाज कसा असेल याविषयीचे कुतूहल हे अर्थातच त्या मोहिनीविषयीचे कुतूहल होते. प्रेक्षकांना ऐकावयास मिळाला तो बंदरावरच्या दारूच्या गुत्त्यात दमून येऊन बसलेल्या, मद्य मागणाऱ्या एका स्त्रीचा जाडसर, स्वीडिश हेल असलेला स्वर. यूजीन ओ'नीलच्या नाटकातील नायिका जन्माने स्वीडिशच असल्यामुळे हा हेल दोष न ठरता गुण ठरला. नाटकाच्या तिसऱ्या अंकात ॲना बाप आणि प्रियकर या दोघांसमोर आपला पूर्वेतिहास सांगते, आणि तिच्यावर हक्क सांगणाऱ्या दोघांनाही ती कोणाच्याच मालकीची नाही असे बजावते. क्लॅरेन्स ब्राउनच्या चित्रपटात कॅमेरा येथे फारसे काही करीत नाही. त्याला काही करण्याची गरजही नाही. मात्र ओ'नीलने शेवटी लग्नाची जी घाई केली आहे ती मला नाटकातही पटली नाही आणि चित्रपटातही पटत नाही.

याच सुमारास बर्लिनमध्ये स्टर्नबर्गचा 'द ब्लू एंजल' जर्मन आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत चित्रित झाला. तो हॉलीवूडचा नव्हे. परंतु त्यातून मार्लेन डीट्रिख हॉलीवूडला गेली, म्हणून त्याचा उल्लेख करावयाचा. भाषांतरकाराला त्यातील एक गोष्ट विशेष मनोरंजक वाटावी. हॉलेंडरच्या ज्या गाण्याने लोला-लोला प्रसिद्ध झाली त्याच्या जर्मन शब्दांचा रोख असा आहे की आपली घडणच नखशिखांत प्रेमासाठी लावून ठेवलेली आहे, एखादे यंत्र लावून ठेवावे तशी. इंग्रजी शब्दांत हीच स्त्री पुन्हा एकदा प्रेमात पडलेली आणि त्यापुढे हतबल झालेली दिसते. चाल तीच, बाई तीच, डोळ्यांतील बेफिकिरीही तीच. पण एका भाषेत ती आपले स्वरूप सांगते आणि दुसरीत आपली असहायता. ध्वनीमुळे शब्द आला, आणि शब्दाबरोबर त्याला मवाळ करण्याची सोयही आली, हे येथेच लक्षात घेतले पाहिजे.

माझ्या प्रतिपादनाला सर्वांत भक्कम आधार मिळतो तो मात्र फारशा न पाहिल्या गेलेल्या एका चित्रपटात. सॉमरसेट मॉमची 'द लेटर' ही कथा १९२६ च्या संग्रहात आली, १९२७ मध्ये त्याने तिचे नाटक केले, आणि १९२९ मध्ये पॅरामाउंटने त्याचा बोलपट केला. कथेच्या मुळाशी १९११ मधील क्वालालंपूरचा एक प्रत्यक्ष खटला आहे. त्यातील गोऱ्या स्त्रीला प्रथम देहदंडाची शिक्षा झाली आणि पुढे सेलांगोरच्या सुलतानाने तिला क्षमा केली. मॉमची लेस्ली क्रॉस्बी ही मलायातील एका रबराच्या मळ्याच्या व्यवस्थापकाची पत्नी. तिने हॅमंड नावाच्या पुरुषाला गोळ्या घातल्या आहेत, आणि अब्रूरक्षणासाठी आपण हे केले असे ती सांगते. खरी गोष्ट अशी की तो तिचा प्रियकर होता, एका चिनी स्त्रीसाठी त्याने तिला दूर केले होते, आणि तिने त्याला बोलावून घेणारे पत्र त्या चिनी स्त्रीच्या हाती आहे.

१९२९ च्या चित्रपटात ही भूमिका जीन ईगल्स हिने केली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ती निवर्तली. तांत्रिकदृष्ट्या चित्रपट ओबडधोबड आहे. माणसे येतात, उभी राहतात, बोलतात. पण न्यायालयातील साक्षीत ईगल्स जे करते ते पाहिल्यावर बोलपट म्हणजे काय हे कळते. ती खोटे सांगत आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते, आणि तरीही तिच्या स्वरातील सभ्यता, योग्य जागी येणारा अडखळा, योग्य जागी दाटणारा कंठ यांनी तोही क्षणभर तिच्या बाजूने झुकतो. खोटे हे शब्दांनी आणि स्वराने बोलावयाचे असते; मूकपटातील मोहिनीला फार तर कावेबाज दिसता येई. आणि मग शेवट. सुटून घरी आल्यावर, पतीला सर्व कळल्यावर, या स्त्रीचा संयम फुटतो, आणि ज्याला आपण मारले त्याच्यावरच आपले अजून संपूर्ण अंतःकरणाने प्रेम आहे हे ती त्याला ऐकविते. येथे पश्चात्ताप नाही, मरणही नाही. पत्र विकत घेण्यात पैसा संपलेला आहे, पती तिला त्याच मळ्यावर आपल्याबरोबर राहावयास लावतो, आणि कायद्याच्या दृष्टीने ती निर्दोष आहे.

आता १९४० सालचा याच नाटकावरील चित्रपट पाहावा. विल्यम वायलरचे दिग्दर्शन, बेट्टी डेव्हिसची लेस्ली. १९२९ मध्ये प्रियकर हॅमंड झालेला हर्बर्ट मार्शल येथे पती झाला आहे. माझ्या माहितीत नियतीने नटाला दिलेल्या बढतीचे याहून बोचरे उदाहरण नाही. कलाकृती म्हणून हा चित्रपट पहिल्याहून कितीतरी सरस आहे, याविषयी दुमत होऊ नये. रबराच्या झाडांतून ठिबकणारा चीक, चंद्रप्रकाश, एकामागून एक सुटणाऱ्या गोळ्या, हा आरंभ विसरता येणारा नाही. परंतु मधल्या काळात, १९३४ च्या जुलैपासून, जोसेफ ब्रीन यांची कचेरी प्रत्येक पटकथा तपासू लागली होती. हत्या करणारी स्त्री शिक्षेवाचून सुटणे तिला मान्य नव्हते. गोऱ्या पुरुषाची चिनी रखेलीही मान्य नव्हती. म्हणून चिनी स्त्रीची मिश्रवंशीय विवाहित पत्नी झाली, आणि लेस्ली ते प्रेमाचे वाक्य बोलल्यावर चांदण्यात बाहेर जाते तेथे ती पत्नी तिला सुरा भोसकून मारते. तेवढ्यानेही भागत नाही. ही दुसरी हत्याही शिक्षेवाचून राहता कामा नये, म्हणून दारात पोलीस उभा आहे. वायलरने ते सारे शक्य तितके शब्दांवाचून उरकले आहे. त्याला त्याची लाज वाटत असावी असा माझा तर्क आहे.

येथे थोडा स्वानुभव सांगण्याची वाचकांनी अनुज्ञा द्यावी. काही वर्षांपूर्वी मी या नाटकाचे मराठी भाषांतर करावयास घेतले होते. त्या अखेरच्या वाक्याने मला जेवढे दिवस अडवून धरले तेवढे उरलेल्या सर्व नाटकाने अडविले नाही. 'माझे त्याच्यावर प्रेम आहे' असे लिहिले की ते एखाद्या नोंदवहीतील नोंदीसारखे दिसते. 'मी त्याच्यावर प्रेम करते' हे अलीकडे सर्वत्र ऐकू येते, परंतु त्या काळच्या कुलीन स्त्रीच्या तोंडी ते मला उपरे वाटले. 'माझा जीव आहे त्याच्यावर' हे अस्सल मराठी. पण जीव हा जडतो, आपण तो जडवीत नाही, आणि त्यामुळे जिने आपल्या हाताने गोळ्या झाडल्या ती स्त्री एकाएकी दैवाधीन होऊन बसली. जर्मन गाण्याच्या इंग्रजी रूपात जे झाले तेच माझ्या हातून होत होते. शेवटी मी जे योजले ते येथे देत नाही, कारण त्याने माझेही समाधान झालेले नाही. पुढे ते हस्तलिखित एका नाट्यसंस्थेच्या चालकांना वाचून दाखविले. ते सुशिक्षित होते, मॉम त्यांनी वाचलेला होता. वाचन संपल्यावर त्यांनी एकच सूचना केली: शेवटी बाईने विष घ्यावे, म्हणजे प्रयोग लावता येईल. ब्रीन यांचे नावही त्यांना ठाऊक नव्हते. प्रयोग अर्थात् झाला नाही.

त्या दिवसापासून अमेरिकन 'संहिते'ची कथा मला केवळ परकीय इतिहास वाटत नाही. ही संहिता मार्टिन क्विग्ली हा प्रकाशक आणि डॅनियल लॉर्ड हे जेझुइट धर्मगुरू यांनी सिद्ध केली, आणि ती ३१ मार्च १९३० रोजी चित्रपटधंद्याने स्वीकारली. चित्रपटाला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण नाही असा तेथील सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय १९१५ चा होता आणि तो १९५२ पर्यंत टिकला. तेव्हा राज्याराज्यांची परिनिरीक्षण-मंडळे टाळावयाची तर धंद्याने स्वतःच स्वतःला आवर घालावा, असा हिशेब होता. पहिली चार वर्षे आवर नावालाच होता. मंदीने प्रेक्षक घटले होते, आणि 'वाईट' बायका तिकिटे खपवीत होत्या. १९३२ च्या 'रेड-हेडेड वूमन'मध्ये अनिता लूसच्या पटकथेने जीन हार्लोला एकामागून एक पुरुष बळकावू दिले, एकावर पिस्तूल झाडू दिले, आणि अखेरीस पॅरिसमध्ये एका श्रीमंत म्हाताऱ्याच्या शेजारी आणि त्याच्या तरुण मोटारचालकाच्या सहवासात सुखाने सोडून दिले. इंग्लंडात या चित्रपटावर बंदी आली. मे वेस्ट ही वेगळीच जात. आपले नाटक आपणच लिहून त्यापायी १९२७ मध्ये तुरुंगात जाऊन आलेली ही विदुषी पुरुषाचा नाश करण्यापेक्षा त्याची थट्टा करण्यात अधिक रमते. तिचे १९३३ चे दोन चित्रपट आजही हसवितात, पण धोका तिच्यात मला जाणवत नाही.

धोका आहे तो बार्बरा स्टॅन्विकच्या 'बेबी फेस'मध्ये. चित्रपट १९३३ चा. ईरी या कारखान्यांच्या गावात लिलीचा बाप दारूचा चोरटा गुत्ता चालवितो आणि कोवळ्या वयापासून मुलीला गिऱ्हाइकांपुढे करतो. गुत्त्यात येणारा जोडे दुरुस्त करणारा एक वृद्ध तिला नीत्शे वाचून दाखवितो आणि सांगतो की पुरुषांनी तुझा वापर केला, आता तू त्यांचा कर; दासी होऊ नकोस, स्वामिनी हो. लिली न्यूयॉर्कला एका बँकेत शिरते आणि एकेका पुरुषाच्या खांद्यावरून एकेक खाते ओलांडीत वर जाते. प्रत्येक वेळी कॅमेरा इमारतीच्या बाहेरून एक-दोन मजले वर सरकतो. ही योजना उघडउघड विनोदी आहे, आणि तरीही मंदीच्या चौथ्या वर्षी बँकेच्या इमारतीकडे पाहणाऱ्या प्रेक्षकाला तिच्यात विनोदाखेरीज आणखीही काही दिसले असेल. स्टॅन्विकचा आवाज सपाट, ब्रुकलिनच्या गल्लीतला. ती लाडीगोडी करते तेव्हाही मागे कोठेतरी जमाखर्च चाललेला ऐकू येतो. थीडा बाराच्या विषाला कारण नव्हते. लिलीच्या विषाला बाप आहे, गाव आहे, ग्रंथ आहे.

न्यूयॉर्कच्या परिनिरीक्षकांनी या चित्रपटाला परवानगी नाकारली. मग वॉर्नर कंपनीने जी डागडुजी केली ती साहित्याच्या अभ्यासकाने मुळातून पाहण्यासारखी आहे. वृद्धाचे भाषण नव्याने ध्वनिमुद्रित झाले. तो प्रेक्षकांकडे पाठ करून असतानाचे चित्र घेऊन त्यावर नवे शब्द चढविले गेले: जगात मार्ग दोन आहेत, योग्य आणि अयोग्य, अयोग्याची किंमत फार पडते, म्हणून योग्य मार्गाने जा. मग लिली जे जे करते ते या उपदेशाचे उल्लंघन ठरते. शेवटही बदलला. मूळ चित्रपट रुग्णवाहिकेत संपतो. स्वतःवर गोळी झाडून घेतलेल्या पतीजवळ ती बसलेली, दागिन्यांची पेटी उघडून खाली सांडलेली. सुधारलेल्या आवृत्तीत बँकेचे संचालक आपल्याला कळवितात की दोघांनी सर्व पैसा परत केला असून तो आता पोलादाच्या कारखान्यात मजुरी करीत आहे. चित्रे बहुतांशी तीच. फरक सुमारे पाच मिनिटांचा. परिनिरीक्षकांना स्टॅन्विकच्या देहापेक्षा त्या वृद्धाच्या वाक्यांचे भय अधिक वाटले, ही गोष्ट मला अतिशय बोलकी वाटते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो हलका नाही. बंधनामुळेच हॉलीवूड सूचनेची कला शिकले. उघड बोलणे बंद झाले म्हणून छाया, दृष्टिक्षेप, जिन्यावरील पाऊल यांना अर्थ आला. १९४४ चा 'डबल इन्डेम्निटी' हा त्याचा पुरावा म्हणून पुढे करतात, आणि त्यातील घातक स्त्रीही स्टॅन्विकच आहे. आपल्याकडील वाचकाला हा युक्तिवाद विशेष मोहक वाटण्याचा संभव आहे, कारण आनंदवर्धनापासून आपण व्यंजनेला काव्याचा आत्मा मानीत आलो. 'ध्वनी' या एकाच शब्दाने आपण नादही दाखवितो आणि सूचितार्थही. तेव्हा पहिला ध्वनी दाबल्याने दुसरा उमटला, असे म्हणण्याचा मोह कोणालाही व्हावा. मला तो युक्तिवाद मान्य नाही. व्यंजना ही कवीची निवड असते, कचेरीची अट नव्हे, हे एक. दुसरे अधिक महत्त्वाचे. संहितेने व्यंजनेला वाव दिला तो मध्यभागी. शेवट मात्र तिने वाच्य, ठसठशीत, साक्षीदारांसह मागितला. जेथे मौन सर्वांत अर्थपूर्ण झाले असते तेथेच तिने निकालपत्र वाचावयास लावले. १९२९ ची लेस्ली त्या मळ्यावर पुढे कशी जगली, हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात रेंगाळतो. १९४० च्या लेस्लीविषयी विचारण्यासारखे काही उरत नाही. 'डबल इन्डेम्निटी' थोर आहे याबद्दल वाद नाही. पण त्यातील फिलिसला लिलीचा बाप नाही, गाव नाही, ग्रंथ नाही. पुरुषाच्या निवेदनातून आपण तिला पाहतो. वाचा असूनही ती पुन्हा विषकन्येच्या जवळ गेली आहे.

मॉली हॅस्केल यांनी १९७४ मध्ये आणि ली जेकब्स यांनी १९९१ मध्ये या काळाकडे पुनश्च लक्ष वेधल्यापासून संहितेपूर्वीच्या चित्रपटांचा थोडा अतिरिक्त गौरवही होऊ लागला आहे. त्यांपैकी पुष्कळ घाईने केलेले, निकृष्ट आहेत. शिवाय एक अडचण अशी की या स्त्रीला मिळालेली वाचा सर्वांना मिळालेली नव्हती. 'बेबी फेस'मध्ये थेरेसा हॅरिस या कृष्णवर्णीय नटीने केलेली चिको लिलीबरोबर ईरीहून निघते. तिला काढून टाकण्यास लिली ठाम नकार देते, हे त्या काळी थोडे नव्हे. तरी चिको वर जाते ती मोलकरीण म्हणूनच, आणि तिचे म्हणणे आपण कधी ऐकत नाही. 'द लेटर'मधील चिनी स्त्री पत्राची किंमत सांगते, गोऱ्या स्त्रीची मानखंडना करते. तिच्या प्रेमाविषयी मात्र कोणी विचारीत नाही. हॅमंड तिचाही होता.

आणि गोऱ्या स्त्रीच्या या चित्रांचे भय केवळ अमेरिकेतील धर्मगुरूंनाच होते असेही नाही. १९२७-२८ मध्ये टी. रंगाचारी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने हिंदुस्थानभर साक्षी घेतल्या, तेव्हा पाश्चात्त्य चित्रपटांतील स्वैर स्त्रियांमुळे राज्यकर्त्यांची प्रतिष्ठा येथील लोकांच्या नजरेतून उतरते, ही तक्रार पुढे आली होती. तेव्हा चित्रपट मुके होते. लेस्ली क्रॉस्बीने साहेबाच्या भाषेत, साहेबाच्या न्यायालयात, शपथेवर खोटे बोलणे अजून व्हावयाचे होते.

'बेबी फेस'ची मूळ आवृत्ती २००४ साली अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या संग्रहात सापडली, आणि आता दोन्ही आवृत्त्या एकीपाठोपाठ एक पाहता येतात. मी त्या तशा पाहिल्या. पहिलीत वृद्ध लिलीकडे झुकून बोलतो आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू घट्ट होत जाते. दुसरीत त्याची पाठ आपल्याकडे आहे, मुखातून उपदेश निघतो आहे, आणि समोर स्टॅन्विकचा चेहरा पहिल्या भाषणालाच उत्तर देतो आहे.